राजचिन्हातील प्राणी आणि चांदीचे नाणे : ब्रिटनच्या ‘क्वीन्स बीस्ट्स’ नाणेमालेचा परिचय

बीजसंज्ञा : बुलियन नाणे, कुलचिन्हविद्या, दर्शनी मूल्य, अधिमूल्य, रॉयल मिंट, ट्रॉय औंस.

प्रस्तावना :

ब्रिटनच्या ‘रॉयल मिंट’ या शासकीय टांकसाळीने 2016 मध्ये चांदीचे एक जाड, वजनदार नाणे विक्रीस आणले. त्यावर ‘5 पौंड’ असे मूल्य कोरलेले होते आणि त्यात 2 ट्रॉय औंस, म्हणजे सुमारे 62.2 ग्रॅम शुद्ध चांदी होती. त्या वेळच्या बाजारभावाने एवढ्या चांदीचीच किंमत 20 पौंडांच्या आसपास होत होती. अर्थात, कोणीही शहाणा मनुष्य हे नाणे दुकानात पाच पौंडांच्या खरेदीसाठी देणार नव्हता. आणि ते काढणाऱ्यांचीही तशी अपेक्षा नव्हती. चलन म्हणून जन्माला आलेले, परंतु चलनात कधीच न फिरणारे असे हे नाणे आहे. त्याच्या एका बाजूस राणी एलिझाबेथ द्वितीय यांची मुद्रा, तर दुसऱ्या बाजूस ढाल सांभाळणारा, जबडा उघडून गर्जना करणारा मुकुटधारी सिंह आहे. 2021 पर्यंत याच मालेत सिंहापाठोपाठ आणखी नऊ प्राणी आले. त्यांपैकी काही निसर्गात आढळणारे आहेत, तर काही केवळ माणसाच्या कल्पनेत वावरणारे.

‘क्वीन्स बीस्ट्स’, म्हणजे ‘राणीचे प्राणी’, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नाणेमालेची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे प्राणी मुळात कोठून आले, त्यांची निवड कशी झाली, आणि अशा नाण्यासाठी ग्राहक जी किंमत मोजतो त्यातील चांदीची किती व चित्राची किती, हे प्रश्न येथे प्रामुख्याने विचारात घेतले आहेत. त्यांपैकी शेवटचा प्रश्न केवळ नाणकशास्त्राच्या अभ्यासकांपुरता नाही. घरातील बचतीचा काही भाग चांदीत ठेवणाऱ्या सामान्य माणसाशीही त्याचा थेट संबंध येतो.

बुलियन नाणे म्हणजे काय :

सोने, चांदी, प्लॅटिनम यांसारख्या मौल्यवान धातूंचा जो व्यवहार वजन आणि शुद्धता यांवर चालतो, त्या धातूस इंग्रजीत ‘बुलियन’ म्हटले जाते. आपल्याकडील सराफ बाजारातील ‘लगड’ ही याच अर्थाची वस्तू होय. बुलियन नाणे म्हणजे एका अर्थी नाण्याच्या आकारातील लगडच. फरक एवढाच की तिच्या वजनाची आणि कसाची हमी एखाद्या खाजगी पेढीऐवजी राज्यसंस्थेने दिलेली असते. दर्शनी मूल्य कोरल्यामुळे या धातूच्या तुकड्यास कायदेशीर चलनाचा दर्जा मिळतो. त्याची प्रत्यक्ष किंमत मात्र धातूच्या रोजच्या भावाबरोबर वरखाली होत राहते.

ही कल्पना आधुनिक स्वरूपात रूढ झाली ती दक्षिण आफ्रिकेने 1967 मध्ये काढलेल्या ‘क्रुगरँड’ या सोन्याच्या नाण्यामुळे. चांदीच्या क्षेत्रात अमेरिकेचे ‘ईगल’ 1986 मध्ये आणि कॅनडाचे ‘मेपल लीफ’ 1988 मध्ये आले. ब्रिटनने ‘ब्रिटानिया’ हे नाणे सोन्यात 1987 मध्ये व चांदीत 1997 मध्ये सुरू केले. म्हणजे ‘क्वीन्स बीस्ट्स’ अवतरण्यापूर्वीच ही बाजारपेठ चांगली रुळलेली होती आणि तीत स्पर्धाही होती. दरवर्षी तेच चित्र असलेल्या नाण्यांपेक्षा चित्र बदलत जाणारी, ठरावीक संख्येत पूर्ण होणारी माला ग्राहकाला अधिक काळ बांधून ठेवते, हे व्यापारी तत्त्व तिच्यामागे असावे असे दिसते.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रिटनच्या रोजच्या चलनातून चांदी केव्हाच हद्दपार झाली आहे. 1920 पूर्वी तेथील चांदीच्या नाण्यांत 92.5 टक्के चांदी असे. त्या वर्षी ते प्रमाण 50 टक्क्यांवर आणले गेले आणि 1947 मध्ये तांबे-निकेलच्या मिश्रधातूने तिची जागा घेतली. भारतातही जवळजवळ हेच घडले. 180 ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला रुपया 1940 मध्ये निम्म्या चांदीचा झाला आणि 1947 मध्ये तो निकेलचा झाला. चांदी चलनातून गेली, पण माणसांच्या मनातून गेली नाही. महाराष्ट्रातील अनेक घरांत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आजही ‘राणीछाप’ रुपये मांडले जातात, ते काही त्यांनी बाजारहाट करता येते म्हणून नव्हे. आधुनिक बुलियन नाणी याच आकर्षणावर उभी आहेत.

राज्याभिषेकाचे पुतळे :

नाण्यांवरील प्राण्यांचा उगम टांकसाळीत नसून एका राज्याभिषेकाच्या मंडपात आहे. एलिझाबेथ द्वितीय यांचा राज्याभिषेक 2 जून 1953 रोजी लंडनमधील वेस्टमिन्स्टर ॲबे येथे झाला. या सोहळ्यासाठी ॲबेच्या पश्चिम दारापुढे एक तात्पुरते दालन उभारण्यात आले होते. त्याच्या दर्शनी भागात मांडण्यासाठी शिल्पकार जेम्स वुडफर्ड यांच्याकडून प्लास्टरचे दहा पुतळे घडवून घेण्यात आले. प्रत्येक पुतळा सुमारे सहा फूट उंचीचा होता आणि प्रत्येक प्राण्याने पुढील पायांत एक ढाल धरलेली होती.

याची प्रेरणा हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यातून मिळाली. आठव्या हेन्रीच्या काळात तेथे ‘किंग्ज बीस्ट्स’, अर्थात राजाचे प्राणी, उभारले गेले होते. परंतु त्यांची हुबेहूब नक्कल करणे 1953 मध्ये उचित ठरले नसते. कारण त्यांतील काही प्राणी हेन्रीची राणी जेन सीमूर हिच्या घराण्याचे होते आणि नव्या राणीच्या वंशाशी त्यांचा संबंध नव्हता. म्हणून एलिझाबेथच्या पूर्वजांची परंपरा पाहून दहा प्राणी नव्याने निवडण्यात आले. दालन तात्पुरते होते, पुतळ्यांचे साहित्यही टिकाऊ नव्हते. तरी ते टिकले. मूळ पुतळे 1959 मध्ये कॅनडाला देण्यात आले आणि आज ते क्युबेक प्रांतातील गॅटिनो येथील राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. त्यांच्या पोर्टलंड दगडातील प्रतिकृती 1958 पासून लंडनच्या क्यू उद्यानात, ताडवृक्षांसाठी बांधलेल्या काचगृहासमोर ओळीने उभ्या आहेत.

प्राणी, घराणी आणि निवडीचे राजकारण :

युरोपातील कुलचिन्हविद्या हे एक स्वतंत्र शास्त्रच आहे. चिलखत घातलेल्या योद्ध्याचा चेहरा दिसत नाही. तेव्हा रणांगणावर त्याची ओळख पटावी म्हणून ढालीवर व निशाणावर खुणा रंगवण्याची पद्धत बाराव्या शतकात रूढ झाली. पुढे या खुणा वंशपरंपरेने चालू लागल्या, विवाहसंबंधांतून त्यांची सरमिसळ झाली आणि ढाल म्हणजे घराण्याची संक्षिप्त वंशावळच बनली. भारतीय वाचकास ही कल्पना सर्वस्वी परकी वाटू नये. चालुक्यांचे वराहलांछन, चोळांचा वाघ, पांड्यांचा मत्स्य ही राजचिन्हे सुपरिचित आहेत. गोव्याच्या कदंबांच्या सुवर्णनाण्यांवर सिंह आहे आणि विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर दोन मस्तकांचा गंडभेरुंड आहे. मराठी राज्याची शिवराई मात्र या बाबतीत वेगळी ठरते. तिच्यावर प्राणी नाही, केवळ अक्षरे आहेत. राजाचे नाव हीच तेथे राजाची खूण होती.

दहा प्राण्यांपैकी पहिला मान इंग्लंडच्या सिंहाचा. पहिल्या रिचर्डच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस, तीन सिंह इंग्लंडच्या राजमुद्रेवर स्थिरावले आणि आजतागायत ते हललेले नाहीत. 2016 च्या नाण्यावर या सिंहापुढे संपूर्ण राजचिन्हाची ढाल आहे. त्याच्यानंतर 2017 मध्ये ग्रिफिन आला. गरुडाचे डोके व पंख आणि सिंहाचे धड असलेला हा संमिश्र प्राणी तिसऱ्या एडवर्डच्या खाजगी मुद्रेवर होता. त्याच्या ढालीवर विंडसर किल्ल्याचा गोल बुरूज आहे. एडवर्डचा जन्म विंडसरचा, आणि 1917 मध्ये राजघराण्याने स्वीकारलेले नावही तेच. महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ग्रिफिनचे प्रयोजन वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एका प्राण्याचे सामर्थ्य अपुरे वाटले की शिल्पकार दोन प्राण्यांची सांगड घालतो. ही प्रवृत्ती सार्वत्रिक आहे.

दहांपैकी सर्वांत चमत्कारिक प्राणी ‘येल’ हा होय. रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गवर्णनाच्या ग्रंथात याचा उल्लेख केला आहे. त्याची शिंगे म्हणे हवी तशी फिरवता येत; एक पुढे आणि एक मागे असे ठेवूनही तो लढू शके. हा प्राणी कोणी पाहिला, हे अर्थातच प्लिनी सांगत नाही. मध्ययुगात तो ब्यूफर्ट घराण्याशी जोडला गेला. त्याच घराण्यातील लेडी मार्गारेट ब्यूफर्ट ही सातव्या हेन्रीची आई. तिने केंब्रिज येथे ख्राइस्ट्स कॉलेज स्थापन केले, तसेच सेंट जॉन्स कॉलेजची उभारणी तिच्या देणगीतून झाली. या दोन्ही महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर येलची जोडी आजही पाहावयास मिळते. येलच्या ढालीवरील लोखंडी जाळीचा दरवाजा ब्रिटिश नागरिकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. 1971 ते 2008 या काळात काढलेल्या एक पेनीच्या नाण्यावर तोच होता. म्हणजे जे चिन्ह गुंतवणूकदार आज जपून डबीत ठेवतो, ते साडेतीन दशके सर्वसामान्यांच्या खिशात खुळखुळत होते.

ससाणा, काळा बैल आणि मॉर्टिमरचा पांढरा सिंह हे तिघे यॉर्क पक्षाचे. चौथ्या एडवर्डने यांतील प्रत्येकाचा कोठे ना कोठे वापर केला. पांढरा सिंह त्याला आजी ॲन मॉर्टिमर हिच्याकडून मिळाला, आणि याच वारशाच्या आधारे यॉर्क घराण्याने सिंहासनावर हक्क सांगितला होता. या सिंहाच्या डोक्यावर मुकुट नाही; इंग्लंडच्या सिंहापासून त्याला वेगळे ओळखण्याची ती सोपी खूण. याच्या उलट येल, रिचमंडचा पांढरा ग्रेहाउंड कुत्रा आणि वेल्सचा लाल ड्रॅगन हे ट्यूडर पक्षाचे. पंधराव्या शतकात या दोन पक्षांनी परस्परांचे रक्त सांडले. 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या लढाईत तिसरा रिचर्ड मारला गेला आणि लाल ड्रॅगनचे निशाण घेऊन आलेला हेन्री ट्यूडर राजा झाला. पुढील वर्षी त्याने यॉर्कच्या एलिझाबेथशी विवाह केला. एकेकाळी एकमेकांवर चालून गेलेले हे प्राणी 1953 च्या मंडपात शेजारी-शेजारी उभे राहिले, आणि आज संग्राहकाच्या एकाच पेटीत नांदत आहेत.

मात्र या सलोख्यालाही मर्यादा आहेत. बॉसवर्थला पडलेल्या तिसऱ्या रिचर्डचे स्वतःचे चिन्ह पांढरा रानडुक्कर हे होते. दहांच्या यादीत ते नाही. राणी एलिझाबेथ थेट रिचर्डच्या वंशातील नव्हत्या, हे कारण त्यासाठी पुरेसे आहे. तथापि पराभूत राजाची खूण विजयी वंशाच्या मिरवणुकीतून गळते, हेही तितकेच खरे. आयर्लंडचाही प्रतिनिधी प्राणी येथे नाही; त्या देशाची वीणा केवळ राजचिन्हाच्या ढालीतील एका चौकटीत दिसते. वेल्सची स्थिती याच्या बरोबर विरुद्ध आहे. राजचिन्हाच्या ढालीत वेल्सला चौकट नाही, पण प्राण्यांच्या मालेत त्याचा ड्रॅगन मानाने बसला आहे आणि त्याच्या हाती तेराव्या शतकातील वेल्सचा राजपुत्र लेवेलिन याची ढाल आहे. रॉयल मिंटचा कारखाना 1968 पासून दक्षिण वेल्समधील लान्त्रिसांत येथे असल्यामुळे हा ड्रॅगन आपल्या स्वतःच्या भूमीतच छापला गेला. त्याच टांकसाळीची दुसरी प्रसिद्ध कृती म्हणजे सॉव्हरिन, जिला आपल्याकडे सर्रास गिनी म्हटले जाते. तिच्यावर 1817 पासून घोड्यावरील संत जॉर्ज ड्रॅगनला ठार मारीत आहे. एकाच टांकसाळीत ड्रॅगन एका नाण्यावर राजवंशाचा रक्षक आहे आणि दुसऱ्यावर वध्य शत्रू!

स्कॉटलंडचा युनिकॉर्न म्हणजे एकशिंगी घोडा. त्याच्या गळ्यात मुकुटाचा पट्टा व साखळी असते. अनिर्बंध शक्ती राजाच्या अधीन आहे असा तिचा अर्थ सामान्यतः लावला जातो. 1603 मध्ये स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला, तेव्हा राजचिन्हाला आधार देणाऱ्या जोडीतून ट्यूडरांचा ड्रॅगन गेला आणि त्याच्या जागी युनिकॉर्न आला. तेव्हापासूनची सिंह आणि युनिकॉर्न ही जोडी ब्रिटिश सत्ता जेथे जेथे गेली तेथे तेथे दगडात कोरली गेली. मुंबईत मात्र एके ठिकाणी या जोडीत अर्थपूर्ण बदल दिसतो. आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीच्या प्रवेशद्वारी दोन खांबांवर सिंह आणि वाघ बसले आहेत. सिंह ब्रिटनचा आणि वाघ भारताचा.

हॅनोव्हरचा पांढरा घोडा 1714 मध्ये पहिल्या जॉर्जबरोबर जर्मनीतून आला. 1837 मध्ये व्हिक्टोरिया राणी झाली तेव्हा हॅनोव्हरच्या वारसा-नियमानुसार स्त्रीला तेथील गादी मिळू शकली नाही आणि ते राज्य ब्रिटिश राजवंशापासून वेगळे झाले. राज्य गेले, घोडा राहिला.

चांदीच्या नाण्यावरील प्राणी आणि हिंदुस्थानातील एक प्रसंग :

नाण्यावरील प्राणी ही केवळ शोभेची बाब नसते, हे सांगण्यासाठी भारतातील एक उदाहरण पुरेसे आहे. पाचव्या जॉर्जचे 1911 चे रुपये मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत पाडण्यात आले. नाण्यावर राजाच्या झग्यावरील मानाच्या साखळीत एक हत्ती दाखवला होता. कोरीव काम इतके लहान होते, आणि हत्तीची सोंड इतकी आखूड झाली होती, की पाहणाऱ्यास तो डुक्कर भासू लागला. त्यामुळे धार्मिक भावना दुखावल्या जाऊन असंतोष पसरला. सरकारला नाण्यांचे वितरण थांबवावे लागले, न वाटलेली नाणी वितळवण्यात आली आणि 1912 च्या रुपयावर सोंड स्पष्ट दिसेल असा सुधारित हत्ती आला. चांदीचा कस तोच होता, वजनही तेच होते. तरीही रयतेने नाणे नाकारले. नाणे हे धातूबरोबरच चित्रावरील विश्वासावरही चालते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. आज हाच 1911 चा रुपया संग्राहक आवर्जून शोधतात.

नाण्याची घडण :

‘क्वीन्स बीस्ट्स’ मालेतील सर्व प्राण्यांची चित्रे जोडी क्लार्क या एकाच कलाकाराची आहेत. 2015 पासून ब्रिटिश नाण्यांवर आलेली राणीची पाचवी मुद्राही त्यांचीच. त्यामुळे या नाण्यांच्या दोन्ही बाजू एका हातच्या आहेत. नाण्याचा व्यास 38.61 मिलिमीटर आहे. ब्रिटनच्या जुन्या ‘क्राउन’ नाण्याचा व्यासही हाच असल्याने आकार परिचित वाटतो, परंतु जाडी पुष्कळ अधिक आहे. एक औंसाच्या नाण्याएवढ्या वर्तुळात दोन औंस चांदी बसवल्यामुळे चित्राला उठाव देण्यास वाव मिळतो. आयाळीचे केस, ड्रॅगनचे खवले, बैलाच्या मानेचे स्नायू हे सर्व बोटांना जाणवते. केवळ छायाचित्र पाहून या नाण्याची कल्पना येत नाही, असे जे म्हटले जाते त्यात तथ्य आहे.

चांदीची शुद्धता 999.9 अशी कोरलेली आहे, म्हणजे दहा हजार भागांत 9,999 भाग चांदी. शुद्धता हा गुण खरा; पण नाण्याच्या दृष्टीने तो दोषही ठरू शकतो. शुद्ध चांदी मऊ असते. जुन्या रुपयात तांब्याचा अंश मिसळला जाई तो फसवणुकीसाठी नव्हे, तर हजारो हातांतून फिरताना नाणे झिजू नये म्हणून. ‘क्वीन्स बीस्ट्स’ नाणे हातोहात फिरले तर त्याचा उठाव लवकरच घासला जाईल. म्हणून ते कडेने धरावे आणि पुसण्याच्या फंदात पडू नये, असा सल्ला दिला जातो. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे चांदी काळवंडते; ती प्रक्रिया नैसर्गिक आहे. याशिवाय अतिशुद्ध चांदीच्या आधुनिक नाण्यांवर कधीकधी दुधाचे थेंब सुकल्यासारखे पांढुरके डाग उमटतात. चकती धुताना वापरलेल्या रसायनाचा अंश मागे राहून तो तापवताना धातूवर बसतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. रॉयल मिंटसह अनेक नामांकित टांकसाळींच्या नाण्यांवर हे डाग आढळले आहेत. धातूच्या किमतीवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. संग्राहकाच्या उत्साहावर मात्र होतो.

किंमत : चांदीची किती, चित्राची किती :

अशा नाण्याच्या किमतीचे दोन भाग पडतात. पहिला भाग धातूचा. ट्रॉय औंस म्हणजे 480 ग्रेन आणि तोळा म्हणजे 180 ग्रेन. त्यामुळे दोन औंसाचे हे नाणे बरोबर सव्वापाच तोळ्यांहून किंचित अधिक, म्हणजे 5⅓ तोळे भरते. त्या दिवशीच्या भावाने एवढ्या शुद्ध चांदीची किंमत कोणालाही काढता येते. दुसरा भाग अधिमूल्याचा. टांकसाळीची घडणावळ, विक्रेत्यांचा नफा, वाहतूक, आणि चित्राबद्दल व मालेबद्दल असलेली ओढ यांची ती बेरीज असते. आपल्याकडे दागिन्यावर मजुरी लागते, त्याच जातीची ही रक्कम. फरक असा की दागिन्याची मजुरी मोडताना हमखास बुडते, तर नाण्याचे अधिमूल्य कधी बुडते, कधी टिकते आणि क्वचित वाढतेही.

ते टिकेल की बुडेल हे मुख्यतः नाणे कोणाला विकले जाते यावर ठरते. दुसऱ्या संग्राहकाला विकल्यास प्राण्याची किंमत मिळू शकते. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या सराफाकडे नेल्यास तो वजन करील, कस पाहील आणि चांदीचा भाव देईल. येल की ग्रिफिन याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ज्या गावात संग्राहकांची बाजारपेठ नाही तेथे अधिमूल्य देऊन घेतलेले नाणे म्हणजे केवळ महाग घेतलेली चांदी होय. करांचाही विचार करावा लागतो. ब्रिटनमध्ये गुंतवणुकीच्या सोन्यावर मूल्यवर्धित कर नाही, पण चांदीच्या नाण्यांवर तो 20 टक्के आहे. याउलट ही नाणी तेथील कायदेशीर चलन असल्यामुळे त्यांच्या विक्रीतून झालेल्या नफ्यावर तेथील रहिवाशाला भांडवली लाभकर द्यावा लागत नाही. नाण्यावरील ‘5 पौंड’ या अक्षरांचा खरा व्यावहारिक उपयोग हाच. भारतातील ग्राहकास अर्थातच या सवलतीचा लाभ नाही; त्याच्या वाट्याला आयातीचा खर्च आणि वस्तू व सेवा कर येतो.

चांदीचा भावही मोठा चंचल आहे. जानेवारी 1980 मध्ये औंसाला 50 डॉलरच्या जवळ गेलेली चांदी त्याच वर्षी कोसळली. एप्रिल 2011 मध्ये ती पुन्हा त्या पातळीजवळ पोहोचून घसरली. 2020 च्या मार्चमध्ये 12 डॉलरपर्यंत उतरलेला भाव ऑगस्टमध्ये 29 डॉलरच्या आसपास होता, आणि 2025 मध्ये त्याने 50 डॉलरची जुनी सीमा अखेर ओलांडली. ज्याने 2016 मध्ये सिंह घेऊन ठेवला त्याचा फायदा झाला खरा, पण तो बहुतांशी चांदीमुळे. त्याच पैशांत साधी लगड घेणाऱ्याचाही झालाच असता. हा हिशेब विक्रेत्यांच्या जाहिरातींत सहसा सापडत नाही.

माला पूर्ण करण्याची ओढ हा या व्यवहारातील सर्वांत नाजूक धागा आहे. दहा प्राणी झाल्यावर 2021 मध्ये सर्व प्राणी एकत्र दाखवणारे अकरावे समापन-नाणे आले. सात-आठ नाणी जमवलेला माणूस नववे नाणे महाग मिळाले तरी सोडत नाही. याच मालेचा कळस म्हणून रॉयल मिंटने 10 किलोग्रॅम वजनाचे, 10,000 पौंड दर्शनी मूल्याचे सोन्याचे एक नाणेही घडवले. त्याला नाणे म्हणावे की शिल्प, याविषयी मतभेद होऊ शकतात.

किंमत जास्त म्हटली की नकली माल येतोच. स्वस्त धातूवर चांदीचा मुलामा देऊन केलेल्या प्रतिकृती विकल्या जातात. त्या ओळखण्याची एक पद्धत आर्किमिडीजइतकीच जुनी आहे. चांदीची घनता 10.49 आहे, म्हणून 62.2 ग्रॅमचे खरे नाणे दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवल्यास, तळाला टेकू न देता, काट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याचे वजन सुमारे 5.9 ग्रॅमने वाढले पाहिजे. पितळ किंवा तांब्याच्या गाभ्याचे नाणे त्याच वजनाचे करायचे तर आकार वाढवावा लागतो आणि पाण्यात ते उघडे पडते. चुंबकास चिकटणारे नाणे तर निश्चितच खोटे. मात्र न चिकटणारे खरेच असते असे नव्हे, कारण तांबे व पितळही चिकटत नाहीत. लक्षपूर्वक केलेले वजन, व्यास आणि घनता अशा तीन मोजमापांतून एकदम निसटणारी नक्कल करणे अवघड असते.

मालेनंतरची माला :

‘क्वीन्स बीस्ट्स’ संपताच रॉयल मिंटने 2022 पासून ‘ट्यूडर बीस्ट्स’ ही नवी माला सुरू केली. तिची चित्रे डेव्हिड लॉरेन्स यांची असून त्यांचा आधार हॅम्प्टन कोर्टच्या खंदकावरील पुलाचे प्राणी आहेत. म्हणजे 1953 मध्ये बाजूला ठेवलेले जेन सीमूरचे प्राणी सात दशकांनंतर चांदीवर उतरले. पहिलेच नाणे सीमूर घराण्याच्या पँथरचे, म्हणजे चित्त्यासारख्या काल्पनिक श्वापदाचे होते. विशेष म्हणजे पुलावरील आजचे पुतळेही हेन्रीच्या काळचे नाहीत. ते विसाव्या शतकात पुन्हा घडवलेले आहेत. नाण्यावर आहे ती प्रतिकृतीची प्रतिकृती. नव्या मालेतील पँथरवर एलिझाबेथ यांची मुद्रा होती. 8 सप्टेंबर 2022 रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढील नाण्यांवर तिसऱ्या चार्ल्सची, मार्टिन जेनिंग्स यांनी घडवलेली मुद्रा आली. राणीचा चेहरा उजवीकडे वळलेला होता, राजाचा डावीकडे आहे. गादीवरील व्यक्ती बदलली की मुद्रेची दिशा बदलावी, ही इंग्रजी नाण्यांची सतराव्या शतकापासूनची प्रथा.